गोष्टीतलं धाडस आणि परभणीची लेकरं

गंगाखेडच्या जनाबाईची एक गोष्ट कीर्तनकार अजून रंगवून सांगतात. जनीनं रानात फिरून शेण वेचलं, गोवऱ्या थापल्या, वाळवल्या आणि रचून ठेवल्या. शेजारणीनं त्या उचलल्या आणि माझ्याच आहेत म्हणून भांडायला उभी राहिली. तेवढ्यात जनीचं नाव ऐकून तिला भेटायला आलेले कबीर तिथं पोचले. दोघींच्या गोवऱ्या एकात एक मिसळलेल्या, निवाडा करायचा कसा? जनी म्हणाली, एकेक उचला आणि कानाला लावा. जिच्यातून ‘विठ्ठल, विठ्ठल’ ऐकू येईल ती माझी. कबीरांनी गोवरी कानाला लावली आणि ती बोलली. जनाबाई आणि कबीर एका काळातले नव्हते, हे इतिहास सांगतो. गोष्टीला त्यानं काही उणेपण येत नाही.

सहा-सात वर्षांच्या लेकराच्या नजरेनं ही गोष्ट पाहिली की तिची ताकद कळते. गोवऱ्यांचा ढीग, कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या दोन बायका आणि शेणाची गोवरी कानाला लावून डोळे मिटलेला एक परका माणूस. लहानपणीच आईबापांपासून दूर पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिलेली, पाठीशी कुणी नसलेली एक मुलगी भर चौकात आपला हक्क शाबीत करते, तोही स्वतःच शोधून काढलेल्या पुराव्यानं. यापेक्षा धाडसाची कल्पना कुठल्या देशातल्या लेखकानं केली असेल, मला ठाऊक नाही. पण आपण ही गोष्ट लेकरांना सांगतो ती नामस्मरणाचं महत्त्व पटवण्यासाठी. शेवटी तात्पर्य येतं आणि गोवरी गप्प होते.

दुसरी गोष्ट औंढ्याची. औंढा नागनाथ आणि नामदेवांची नरसी ही दोन्ही गावं १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होती. देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून नामदेव देवळाच्या मागं जाऊन उभे राहिले आणि दगडाचं अख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, अशी कथा आहे. एका माणसाला बाजूला सारलं म्हणून इमारत वळते! हे चित्र काढायला मिळावं म्हणून जगातला कुठलाही चित्रकार हातचं काम बाजूला ठेवेल.

एवढी बेडर कल्पनाशक्ती ज्या मातीत रुजली, तिथल्या लेकरांना कल्पनेची गरज नाही असं आपण मोठ्या माणसांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. या लेखात माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती येणारी पुस्तकं आठवून पाहावीत. पाठ्यपुस्तक, शिष्यवृत्तीचं आणि नवोदयचं गाइड, सामान्यज्ञान, थोरांची चरित्रं, बोधकथा. ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण या सगळ्यांत मूल ऐकणाऱ्याच्या जागी बसलेलं आहे. कुणीतरी त्याला सांगतंय, शिकवतंय, सुधारतंय. ज्यात मूल स्वतः काही ठरवतं, चुकतं, अडकतं आणि आपल्या डोक्यानं सुटतं, असं पुस्तक त्या ढिगात सापडत नाही.

हे असं का झालं, याची काही कारणं इतिहासात आहेत. पुण्यात वासुदेव गोविंद आपट्यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केलं ते १९०६ साली. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, मराठी शाळा मोजक्या. भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ काढलं, ज्यूल व्हर्नच्या सफरी मराठीत आणल्या, फास्टर फेणेला जन्म दिला. त्या वेळी मराठवाडा नुकता कुठं सावरत होता. गावात शाळा उघडावी, तिला मास्तर मिळावा, हीच मोठी गोष्ट होती. मुलांची मासिकं, त्यांचे वर्गणीदार, त्यांत लिहिणारे लेखक आणि चित्र काढणारे चित्रकार ही जी साखळी पुण्या-मुंबईत दोन-तीन पिढ्यांत तयार झाली, ती इकडं तयार व्हायला अवधीच मिळाला नाही. ‘बालभारती’नं १४ नोव्हेंबर १९७१ ला ‘किशोर’ सुरू केलं तेव्हा मुलांचं चांगलं, सचित्र मासिक शाळेच्या वाटेनं खेड्यात येऊ लागलं. ‘किशोर’चे जुने अंक आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी.

फास्टर फेणेबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. बन्या फेणे फुरसुंगीचा, म्हणजे खेड्यातला पोरगा. किडकिडीत, सायकलवरून सुसाट जाणारा, नको तिथं नाक खुपसणारा. पण त्याची करामत पुण्यातल्या विद्याभवन शाळेत आल्यावर बहरते. साहसाला शहर लागतं, हा समज त्यामुळं वाचकाच्या मनात नकळत बसला असेल तर त्यात भागवतांचा दोष नाही. त्यांनी आपलं शहर लिहिलं. आपला जिल्हा लिहायचं काम आपलं होतं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो घेणारी माणसं माझ्या आदराची आहेत. ती म्हणतात, ज्या घरात कर्ज आहे, पाऊस हुलकावणी देतो, बाप रात्रभर जागतो, तिथल्या मुलाला परीकथा काय देता? त्याला त्याचं वास्तव द्या. मराठवाड्यातल्या लेखकांनी हे वास्तव मोठ्यांसाठी निष्ठेनं लिहिलं आहे. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा या जिल्ह्यातलं खेडं देशाच्या साहित्यात पोचलं. पण मोठ्यांच्या साहित्याचं मोजमाप मुलांच्या पुस्तकाला लावलं की घोटाळा होतो. घरातलं कर्ज मुलाला माहीतच असतं. रात्री आई-बाप दबक्या आवाजात काय बोलतात ते अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकत असतं. तेच कर्ज पुस्तकात पुन्हा दाखवून शेवटी ‘म्हणून खूप शिका’ एवढं सांगितलं, तर त्याच्या हाती काय लागलं? त्या गोष्टीतही त्याला करण्यासारखं काही नव्हतं. जे घडलं ते त्याच्यावर घडलं.

साहसकथेत संकट खरं असतं. अंधार, पूर, चोर, हरवणं, भूक यांतलं काही खोटं नसतं. फरक एवढाच की तिथं निर्णय मुलाच्या हातात येतो. मोठी माणसं दूर असतात, वेळ थोडा असतो आणि आता काय करायचं हे त्यानंच ठरवायचं असतं. ज्याच्या आयुष्यात सगळे निर्णय पाऊस, बाजारभाव आणि मुकादम घेतात, त्याला हा अनुभव सगळ्यात जास्त लागतो. हा वास्तवापासून पळ नव्हे. उलट, वास्तवासमोर उभं कसं राहायचं याचा तो पहिला सराव आहे, आणि तो लहानपणीच व्हावा लागतो.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि लेकरं. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या परिसरात किंवा फडाजवळ पाचटाच्या कोपीत. नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन अनोळखी गावात किराणा आणते, पाणी शोधते, पहाटे आई-बाप फडात गेले की कोपी राखते. तिनं जेवढं भोगलं आणि निभावलं तेवढं शहरातल्या साहसकथेच्या नायकानं पाहिलेलंही नसतं. तरी तिला आपण ‘वंचित’ म्हणूनच ओळखतो, आणि तिच्यावर कुणी काही लिहिलंच तर ते कणव येण्यासाठी. ती हुशार आहे, धीट आहे, तिला रस्ते लक्षात राहतात, माणसं ओळखता येतात, हे तिला सांगणारं एकही पुस्तक नाही. ही उणीव मला शाळेच्या गळक्या छपराइतकीच मोठी वाटते.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी टोचतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं आढळलं. त्या फेरीत महाराष्ट्रात या बाबतीत आपण सगळ्यात वाईट ठरलो. गोष्टीच्या पुस्तकानं लग्न थांबतं असं मी म्हणणार नाही. त्याला पोटापाण्याची, हुंड्याची, वाटेवरच्या भीतीची कारणं आहेत आणि त्यांवर वेगळे उपाय लागतात. पण ‘मी ठरवते’ हे वाक्य जिनं आयुष्यात पंधरा वर्षं कुणा मुलीच्या तोंडून ऐकलं नाही, घरात नाही, गावात नाही, पुस्तकातही नाही, तिच्या ओठांवर ते ऐन वेळी कुठून येणार? आपल्याकडच्या साहसकथांत मुली असतात त्या बहुतेकदा नायकाच्या बहिणी म्हणून. डबा देतात, काळजी करतात, शेवटी टाळ्या वाजवतात. जनी ज्या गावची, त्या गावच्या मुलींना हे पुरणार नाही.

आता चित्रपुस्तकाकडं येतो, कारण साहसाची सुरुवात खरं तर तिथं होते. चित्रपुस्तक म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी केलेली तडजोड, असा आपल्याकडं समज आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांपुढं एक चित्रपुस्तक उघडलेलं मी पाहिलं आहे. बाई मजकूर वाचत होत्या: घरातलं मांजर हरवलंय, सगळे शोधतायत. मागं बसलेला एक मुलगा, ज्याला अजून जोडाक्षरं लागत नव्हती, एकदम उठला. “मांजर तिथंच हाय की, बाजंखाली. नुसती शेपटी दिसायली.” मजकुरात शेपटीचा उल्लेख नव्हता. बाईंना ती दिसली नव्हती, मलाही नाही. आमचे डोळे अक्षरांवर होते. मग तो पोरगा पान उलटायच्या आधीच पुढचं सांगू लागला: आता म्हातारी वाकून बघणार, मांजर पळणार, दूध सांडणार. त्या तासाला वर्गात सगळ्यात चांगलं वाचणारा तो होता.

चित्रपुस्तकाचं मर्म इथं आहे. शब्द एक सांगतात, चित्र दुसरं सांगतं आणि त्या दोहोंमधली गोष्ट मूल स्वतः बांधतं. मॉरिस सेंडाक यांचं १९६३ चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे पुस्तक चारशे शब्दांचंही नाही. खोडकर मॅक्सला जेवण न देता खोलीत पाठवलंय. सुरुवातीला चित्र पानाच्या मधोमध लहानसं, भोवती भरपूर पांढरी जागा. खोलीत रान उगवू लागतं तसं चित्र पानोपानी वाढत जातं, कडेची पांढरी जागा खात जातं. मॅक्स राक्षसांचा राजा होतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही, नुसता धिंगाणा. आणि शेवटी घरी परतल्यावर जेवण अजून गरम आहे हे सांगणाऱ्या पानावर चित्रच नाही. राग, भटकंती आणि घरची ओढ, हे सगळं पानाच्या मापातून सांगितलंय. त्याला बोध जोडायला गेलं तर हाती काही उरणार नाही.

मराठीत या रीतीनं विचार करून पुस्तकं केली ती माधुरी पुरंदरे यांनी. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, म्हणून दोन्हींचा मेळ बसतो. ‘राधाचं घर’, ‘यश’, ‘मामाच्या गावाला’, ‘पाहुणी’ ही पुस्तकं वाचलेल्या मुलाला आपल्याशी कुणी खरं बोललं असं जाणवतं. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या चित्रांत पसारा आहे, दोरीवरचे कपडे आहेत, कंटाळलेली माणसं आहेत. ‘छान छान’ चित्रांची जी साथ आपल्याकडं आहे, गुलाबी गालांची मुलं, हिरवे डोंगर, त्यांमागून हसणारा सूर्य, तिच्यावर तो उतारा आहे. पण एकट्या माणसानं किती करायचं? परभणीच्या लेकराला आपलं माळवद, आपला आखाडा, आपली बारव चित्रात दिसायची तर इथल्याच कुणाला तरी ब्रश हाती धरावा लागेल.

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण इकडं लहान-थोर सगळे अभिमानानं म्हणतात. जर्मनीशी नातं सांगायचंच असेल तर ते पुरतं सांगावं. ग्रिम बंधूंनी घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या कथा गोळा करून १८१२ मध्ये छापल्या आणि त्या कथा अख्ख्या जगाच्या झाल्या. १८४४ च्या नाताळात फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं पुस्तक आणायला दुकानात गेले. तिथं सगळी उपदेशाची पुस्तकं. ती पाहून ते कोरी वही घेऊन घरी आले आणि स्वतः चित्रं काढून, यमकं जुळवून त्यांनी पुस्तक केलं. पुढच्या वर्षी ते छापलं गेलं. त्यातल्या शिक्षा आज आपल्याला क्रूर वाटतात आणि मी काही ते पुस्तक मुलांना देणार नाही. पण तो बाप कोरी वही घेऊन घरी आला, हे मला मोलाचं वाटतं.

एरिश केस्टनरचं ‘एमिल आणि गुप्तहेर’ १९२९ चं. लहान गावातला मुलगा, बाप नाही, आई केशभूषेची कामं करून घर चालवते. आजीला द्यायचे पैसे कोटाच्या आतल्या खिशात टाचणीनं टाचून तो एकटा रेल्वेनं बर्लिनला निघतो. डोळा लागतो आणि पैसे चोरीला जातात. मग अनोळखी शहरातली पोरंटोरं त्याच्या मदतीला धावतात, चोराचा पाठलाग करतात. शेवटी पैसे आपले कसे हे सिद्ध कशानं होतं? नोटांना टाचणीची भोकं आहेत! जनीच्या गोवरीच्या जातीचाच हा पुरावा: गरीब मुलानं आपल्या वस्तूवर नकळत उमटवलेली खूण. आता तपोवन एक्स्प्रेसनं परभणी किंवा सेलूहून मुंबईला एकटं निघालेलं लेकरू डोळ्यांपुढं आणावं. लुगड्याच्या पदराची गाठ, गाठीत पैसे, शेजारी गोड बोलणारा माणूस. किंवा पूर्णा जंक्शन घ्या. एक गाडी नांदेडकडं, एक परभणीकडं, एक हिंगोली-अकोल्याकडं. चुकीच्या गाडीत चढलेल्या दोन भावंडांची गोष्ट त्या फलाटावर कधीची खोळंबली आहे.

स्टीव्हन्सननं ‘ट्रेझर आयलंड’ लिहायला घेतलं ते एका नकाशावरून. १८८१ चा पावसाळी उन्हाळा, स्कॉटलंडमधलं घर, तेरा वर्षांचा सावत्र मुलगा. दोघं रंग घेऊन बसले, एक बेट काढलं गेलं, त्याला खाड्या-टेकड्यांची नावं दिली गेली आणि मग त्या नावांतून माणसं बाहेर पडू लागली. आपल्या जिल्ह्याचा असा नकाशा मुलांबरोबर बसून काढून पाहावा. वालूरच्या बारवेत पायऱ्या गोल गोल वळत पाण्यापर्यंत उतरतात. चारठाण्यात देवळांच्या गर्दीत कोरीव स्तंभ उभा आहे आणि पडझडीत निम्म्या मूर्ती कुणाच्या हे गावालाही सांगता येत नाही. नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. मुद्गलचं महादेवाचं देऊळ गंगेच्या पात्रात. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. पूर आला की त्या देवळाकडं काठावरून नुसतं बघत राहायचं. येलदरीच्या धरणाचा फुगवटा, कुठं ढासळलेली गढी, एकाला एक लागलेली माळवदं, ज्यांच्यावरून चोराचा पाठलाग या गल्लीतून त्या गल्लीत जाऊ शकतो. भिंतीतली बळदं, अंगणाखालची बुजलेली पेवं. पेवात उतरलेल्या माणसाचा जीव गुदमरू शकतो, म्हणून ते उघडल्यावर आधी वारा खेळू देतात, हे जुनी माणसं सांगतात. एवढी एक माहिती गोष्टीच्या ऐन प्रसंगात किती कामी येईल! रात्रीच्या जागलीला बापाबरोबर गेलेलं पोर, ज्वारीत शिरलेली रानडुकरं, हातात बॅटरी. साहसकथेला लागणारी प्रत्येक वस्तू इथं आहे. उणीव आहे ती लिहिणाऱ्याची.

आणि लिहिणारा पेशानं लेखकच असला पाहिजे असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले सलीम मुल्ला वनरक्षक. जंगलात रोज पायपीट करणाऱ्या या माणसाच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला २०१९ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. उदगीरच्या २०२२ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे मोठ्यांसाठी लिहिणारे नामवंत कथाकार, त्यांना मुलांसाठी रहस्यकथा लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ चा तोच पुरस्कार मिळाला. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, तिथं किडे, पाखरं, बियाणं जन्मभर न्याहाळलेली माणसं आहेत. रेल्वेतले गँगमन आहेत, पाटबंधाऱ्यातले चौकीदार आहेत, चारशे मुलांना ओळखणारे केंद्रशाळेतले शिक्षक आहेत. त्यांच्याकडं माल आहे. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

लिहिताना एक पथ्य मात्र पाळावं. मुलांच्या तोंडी मुलांची बोली द्यावी. बोली फक्त गमतीच्या पात्राला द्यायची आणि शहाण्या पात्रानं पुस्तकी मराठी बोलायचं, ही जुनी खोड आहे आणि ती अपमान करणारी आहे. ‘दिसायली’, ‘करायलाव’ म्हणणारी पोरगी गोष्टीत सगळ्यात हुशार असू शकते, आणि असावी.

पैशाचा प्रश्न खरा आहे. चाररंगी छपाई, चांगला कागद, चित्रकाराचं मानधन आणि हजार-दोन हजारांची आवृत्ती यांतून चित्रपुस्तकाची किंमत शेतकऱ्याच्या घराला जड होते. पण वाट अगदीच बंद नाही. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त मिळतात. २००४ पासून काम करणाऱ्या ‘प्रथम बुक्स’नं कमी किमतीचीच पुस्तकं काढली आणि २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हा खजिना इंटरनेटवर खुला केला. तिथली चित्रं घेऊन आपल्या बोलीत गोष्ट करायला, छापायलाही मुभा आहे. आणि ज्या घरात नवोदयच्या गाइडला पैसे निघतात, त्या घरात एका गोष्टीच्या पुस्तकाला निघत नाहीत, हे मला पूर्ण पटत नाही. निकालाच्या भीतीपोटी पैसे निघतात, आनंदासाठी निघत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मोबाइलला दोष देणंही सोपं आहे. मोबाइलनं पुस्तकाची जागा घेतली असं म्हणायला आधी घरात पुस्तकाची जागा असायला हवी होती.

पैशाहून मोठा अडसर कुलपाचा. अनेक शाळांत पुस्तकं आलेली आहेत आणि ती कपाटात आहेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद टेबल-खुर्चीच्या शेजारी झालेली असते. पुस्तक फाटलं, हरवलं तर तपासणीला उत्तर कोण देणार, म्हणून शिक्षक ती हाताळू देत नाहीत. बिचाऱ्या शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या पगारातून वसुली होईल ही त्याची भीती आहे. खडू संपतो तेव्हा कुणी जाब विचारत नाही. मुलांचं पुस्तकही खडूसारखं वापरून संपणारी वस्तू आहे असं एकदा लेखी ठरवलं, तर निम्मी कपाटं उद्या उघडतील. याला नवा पैसा लागत नाही, जिल्हा पातळीवरच्या एका परिपत्रकानं सुरुवात होऊ शकते.

आणि परिपत्रक निघणारच असेल तर ते दसऱ्याच्या आधी निघावं. टोळ्या हलायच्या आत. हंगामी वसतिगृहात जी मुलं मागं राहतात त्यांची काहीतरी सोय होते, पण आई-बापांबरोबर जाणारी मुलं थोडी नाहीत. ज्या शाळेतून पोरं ऊसतोडीला जातात तिथं प्रत्येक लेकराच्या बोचक्यात चार-पाच पुस्तकांची एक कापडी पिशवी असावी. दोन चित्रपुस्तकं धाकट्यासाठी, दोन साहसाची थोरल्यासाठी. पानं जाड, बांधणी पिनांची नको, दोऱ्याची शिवण हवी, कारण ती कोपीतल्या दमट हवेत टिकायची आहेत. पिशवी परत आली पाहिजे अशी अट घालू नये. वाचलं का म्हणून परीक्षाही घेऊ नये. गुढीपाडव्याच्या आगेमागे मुलं परत आली की त्यांना एवढंच विचारावं, कुठली गोष्ट कुणाला सांगितली. जी पुस्तकं हरवतील, भिजतील, चुलीत जातील, ती वजा धरून पुढच्या वर्षीची मागणी थोडी वाढवून नोंदवावी.